शाळेला सांगायचं का?

मुलाला ऑटिझम आहे हे प्रवेशाआधी शाळेला सांगायचं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाहीतर हे सगळं ठाण्याच्या नौपाड्यातल्या थेरपी सेंटरच्या बाकड्यावरच बोलून संपतं. शनिवारी आत मुलांची ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, चालू असते आणि बाहेर आम्ही पालक चपलांच्या ढिगाशेजारी बसून एकमेकांना तेच ते विचारत असतो. बोलायला कधी लागला, गव्हाचं बंद केलंत का, झोपतो का रात्री. प्रवेशाचे दिवस जवळ आले की मात्र एकच प्रश्न फिरतो: "शाळेला आधी सांगितलंत का हो, की गप्प बसलात?" आमचा मुलगा आता सहावीत आहे, त्यामुळे मी तिथला जुना माणूस धरला जातो आणि हा प्रश्न माझ्याकडे येतो.

माझं उत्तर "सांगा" असंच आहे. पण मी त्या उत्तरापर्यंत फार वाकड्या वाटेने पोचलो, म्हणून जरा लांबण लावतो.

ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. ज्युनिअर केजीच्या प्रवेशाच्या वेळी बायको म्हणत होती, सांगून टाकू. मीच नको म्हटलं. मुलाखतीत त्याने रंग ओळखले, एबीसीडी धडाधड म्हटली, भिंतीवरच्या कॅलेंडरवरची कंपनीची जाहिरात वाचून दाखवली. त्या वयात वाचतो म्हणून बाई खूष. मला वाटलं, झालं की मग.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. घंटा झाली की तो कानांवर हात दाबून बाकाखाली जायचा. एकदा बाईंनी ओढून बाहेर काढलं तर त्यांच्या हाताला चावला. मुख्याध्यापिकांनी मला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हटलं, नाही. मुलगा शेजारीच उभा होता. "उद्यापासून पाठवू नका," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

शाळा चुकलीच. १९९५च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता, पण २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यात ऑटिझम आहे. मान्यताप्राप्त शाळेला त्या कारणावरून मुलाला दार बंद करता येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत असतं तरी मी भांडलो असतो असं वाटत नाही. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो होतो, आणि खोटं बोललेल्या माणसाचा आवाज चढत नाही. मुकाट दाखला घेऊन आलो.

मग ठरवलं, आता सगळीकडे सांगायचं. सांगितलं. दोन शाळांच्या जागा आम्ही समोर बसलेलो असतानाच भरल्या. तुम्हाला हेच भय आहे ना? ते खोटं नाही. सांगितल्यावर दारं बंद होतात. फक्त एवढंच म्हणेन, की ती दारं तिसऱ्या आठवड्यात बंद होण्यापेक्षा पहिल्या दिवशी बंद झालेली बरी. तोवर मुलाने दप्तर लावायची जागा, डब्याची जागा, खिडकीतलं झाड असं काही आपलंसं केलेलं नसतं.

तिसरी शाळा ऐरोलीतलीच, घरापासून चालत दहा मिनिटांवर, मराठी माध्यमाची, चौथीपर्यंतची. त्यांनी घेतला. मी जाडजूड फाइल दिली. त्यात इसाचा तक्ताही होता. इसा म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी, चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. मला वाटलं, एवढं दिलं की सगळं सांगून झालं.

पहिली आणि बरीचशी दुसरी कोविडमुळे मोबाईलवर गेली. ती त्याची सर्वांत सुखाची वर्षं. अख्ख्या वर्गाचा आवाज बोटाने कमी करता येतो, याचं त्याला केवढं अप्रूप! तिसरीत मात्र खराखुरा वर्ग आला. दिवाळीनंतर मी वह्या बघितल्या, तर गणिताच्या वहीत एकही गणित नव्हतं. पानंच्या पानं भरून लोकलची स्टेशनं: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. परत वाशी, सानपाडा, तुर्भे. बाईंना भेटलो तर त्या मायेने म्हणाल्या, "आम्ही त्याला काही त्रासच देत नाही. मागच्या बाकावर चित्रकलेची वही घेऊन छान बसतो." त्याला तीसपर्यंत पाढे येत होते. कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हा माझी दुसरी चूक माझ्या लक्षात आली. मी शाळेला निदानाचं नाव सांगितलं होतं, मुलाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. बाईंनी ते नाव ऐकलं, मनातल्या मनात घाबरल्या आणि त्याला मायेने बाजूला ठेवून दिलं. (त्या नावाचं मराठी तर मला मुळीच पटत नाही. स्वमग्न म्हणे! आमचा मुलगा स्वतःत कधी मग्न दिसत नाही. तो पंख्यात मग्न असतो, इंडिकेटरवरच्या लाल अक्षरांत मग्न असतो, शेजारच्या काकांच्या स्कूटरच्या नंबरात मग्न असतो. स्वतःकडे तर त्याचं लक्षच नसतं, शर्टाची बटणं बघा.)

सेंटरमधल्या विशेष शिक्षिकेने मग सांगितलं, फाइल घरी ठेवा, एक पान द्या. एकच, आणि त्यात त्याला काय झालंय ते लिहू नका, बाईंनी काय करायचं ते लिहा. ते पान लिहायला आम्हा दोघांना आठवडा लागला. घंटेआधी एकदा सांगा. हात धरून ओढू नका, पुढे चाला, तो मागे येतो. तो तुमच्याकडे न बघता ऐकतो, "इकडे बघ" म्हणालात तर बघेल पण ऐकणार नाही. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा अंक मोजा, उत्तर येतं. हात फडफडवत असेल तर तो खूष आहे, थांबवू नका. कान झाकून डोलायला लागला तर बोलू नका, बाहेर नळाजवळ न्या.

आणि शेवटचं कलम, म्हणींचं. ते का घातलं ते सांगतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गाला बजावलं होतं, "उद्या डोळ्यांत तेल घालून पेपर तपासायचा." त्या संध्याकाळी घरातली खोबरेल तेलाची बाटली गायब. फोडणीच्या तेलाचा डबाही गायब. दोन्ही वॉशिंग मशीनच्या मागे सापडले आणि चिरंजीव पांघरुणात डोळे घट्ट मिटून पडलेले. दुसऱ्या दिवशी शाळेत जायलाच तयार नाही. आपण मराठी माणसं दिवसभरात एकमेकांचे कान उपटतो, डोकं खातो, नाकी नऊ आणतो. त्याच्या जागी बसून ऐकलं तर शाळा म्हणजे कत्तलखानाच वाटेल.

पानाचा उपयोग झाला. चौथीत तो दुसऱ्या बाकावर बसला आणि गणितात पुष्कळच बरा निघाला.

आता पाचवीचं. पण त्याआधी दिघ्याचं सांगायला हवं. ट्रान्स-हार्बर म्हणजे ठाण्याहून ऐरोलीमार्गे वाशीकडे जाणारी लोकल, आमची शनिवारची गाडी. ऐरोली आणि ठाण्याच्या मध्ये दिघा गाव स्टेशन २०२३ मध्ये बांधून तयार होतं, पण गाड्या थांबत नव्हत्या. दर शनिवारी आमची गाडी त्या रिकाम्या प्लॅटफॉर्मवरून पुढे निघून जायची आणि दर शनिवारी तो विचारायचा, "का थांबत नाही?" मी म्हणायचो, अजून उद्घाटन नाही. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं. मी पेपरात वाचलं आणि विसरलो. रोज घरून रबाळ्याला कामाला जाताना मला ते स्टेशन लागतच नाही.

पुढच्या फेरीला गाडी दिघ्याला थांबली. मला आठवेपर्यंत तो किंचाळायला लागला होता. सीटवरून खाली, डब्याच्या जमिनीवर. त्याच्या लेखी गाडी चुकली होती. आता ती कुठे जाईल, कोणाला माहीत? एक बाई म्हणाल्या, लाडावून ठेवलंय. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, त्यांचे आजही आभार. खाडीच्या पुलापर्यंत तो शांत झाला, पण मला एकच वाक्य त्या दिवशी निदान पन्नास वेळा ऐकवलं: "तुला माहीत होतं. तू सांगितलं नाही."

बदल त्याला नको असतो, असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. तसं नव्हतं. वर्षभर तो त्या स्टेशनची वाटच बघत होता. न सांगता आलेलं त्याला चालत नाही.

म्हणून पाचवीची तयारी आम्ही मार्चपासून धरली. शाळा नवी, इमारत तीन मजली, सकाळऐवजी दुपारची वेळ, एका बाईंच्या जागी विषयागणिक सहा शिक्षक. मे महिन्यात परवानगी काढून रिकाम्या शाळेत चार वेळा नेलं. जिना, नळ, मुलांची मुतारी, वर्गाचं दार, सगळ्यांचे फोटो काढून छोटा अल्बम केला. तो त्याने इतका बघितला की बाइंडिंग सुटलं. गणवेश एप्रिलमध्येच घेतला, कॉलरमागची पट्टी कापली, सहा-सात वेळा धुतला तेव्हा तो अंगाला टोचेनासा झाला. सुट्टीतच जेवणाची वेळ रोज दहा-दहा मिनिटांनी अलीकडे आणली, कारण बाराला शाळा गाठायची तर साडेअकराला पानावर बसावं लागणार होतं. साधी गोष्ट वाटते, पण आमच्याकडे वरण-भात म्हणजे एक वाजता, आणि एक म्हणजे एक.

पान मुख्याध्यापकांना दिलंच, पण खरं काम शिपाईमामांनी केलं. हे लिहून ठेवा: शाळेत सांगायचं तर शिपाईमामांना आणि साफसफाईच्या मावशींना आधी सांगा. मूल घाबरून वर्गाबाहेर धावतं तेव्हा ते सापडतं त्यांना, मुख्याध्यापकांना नाही. जुन्या शाळेत पितळी टोल होता, इथे विजेची घंटा, तीही कर्कश. मामांनी पहिल्याच दिवशी त्याला ऑफिसजवळचं बटण दाखवलं, आपण कुठल्या घड्याळात बघतो ते दाखवलं. घंटांच्या वेळा त्याने वहीच्या आतल्या बाजूला उतरवून घेतल्या. पाचवीचा वर्ग नशिबाने तळमजल्यावर होता. घंटा होणार असली की तो स्वतःच कानावर मफ चढवायला लागला. ऑगस्टमध्ये घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं, तर हा मधल्या सुट्टीत जाऊन मामांना सांगून आला. मामांनी नवा सेल घातला.

सगळं सुरळीत आहे असं समजू नका. ऑफ तास हा त्याचा वैरी आहे, कारण त्या तासाला काय होईल हे कुठेच लिहिलेलं नसतं. बदली शिक्षक आले की संध्याकाळी घरी त्याची किंमत मोजावी लागते. मित्र म्हणावा असा एकच, आणि तोही बसचे नंबर पाठ करणारा.

कागदांचं थोडक्यात: यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढून घ्या, रांगेला कंटाळू नका. पुढे दहावीला लेखनिक, तासाला वीस मिनिटं जास्त वेळ, हे सगळं त्या प्रमाणपत्रावर मिळतं. नवी मुंबईत राहत असाल तर वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन या.

त्या कार्डामुळेच मला तिसरी चूक कळली. मागच्या वर्षी कपाट आवरताना त्याने ते वाचलं. पुढून, मागून, सावकाश. मग विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?" मी सांगत गेलो. आई, मी, आजी-आजोबा, मामा, डॉक्टर, बाई, शिपाईमामा, खालचे वॉचमन. तो बोटं मोजत होता. दोन्ही हात संपले तेव्हा म्हणाला, "आणि मला शेवटी."

तुम्ही शाळेचं विचारलंत. मला इतक्या वर्षांत कोणी हे विचारलं नाही, की मुलाला सांगितलंत का, आणि मीही कोणाला विचारलं नाही. त्या रात्री आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि जमेल तसं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने कार्डावरचा फोटो जुना आहे, तो बदलायला हवा, एवढंच सुचवलं.

यंदा जूनमध्ये सहावीच्या वर्गशिक्षकांसाठीचं पान मी लिहायला घेतलं, तर त्याने ते काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं. पाच ओळी, प्रत्येकीला आकडा. घंटा आधी माहीत असली की चालते. मला पाढे विचारा. म्हणी वापरल्या तर अर्थ सांगा. ऑफ तासाला मी लायब्ररीत बसेन. आणि पाचवी: "दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ला सुरू झालं, हे मला बाबांनी सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, अरे, याचा शाळेशी काय संबंध? त्याने ती ओळ खोडली नाही. उलट तिच्याखाली पट्टीने रेघ मारली आणि पान दप्तरात ठेवलं.