आईचा जीवनपट लिहिताना

दफनविधीच्या आदल्या रात्री घरातल्या कुणावर तरी काम येतं: ‘उद्या चर्चमध्ये आईचा जीवनपट वाचायचाय, तू लिहून काढ.’ मग कागदावर ठरलेलंच उतरतं. प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील, देवभीरू. पुण्यातल्या कुठल्याही मंडळीतल्या (म्हणजे एका चर्चच्या सभासदांतल्या) कुठल्याही बाईचं नाव वर घाला, चालून जातं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ मधली दुर्कस आठवा. ती वारल्यावर विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि तिनं शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. गुणवर्णन नाही, थेट अंगरखे! जीवनपट लिहिणाऱ्यानंही आधी हेच शोधावं: दाखवण्यासारखं काय आहे?

सुरुवात तिच्या बायबलपासून करा. समासात पेन्सिलीनं टाकलेल्या तारखा, झावळ्यांच्या रविवारचा वाळलेला क्रूस, प्रार्थनेची वही, दानाची पाकिटं. कुठल्या पानांच्या कडा बोटांनी काळ्या पडल्यात ते बघा आणि वचन तिथूनच घ्या. सद्गुणी स्त्रीचं वर्णन असलेला नीतिसूत्रे ३१ सगळेच वाचतात. वाचायला हरकत नाही, पण त्यातली बाई शेत विकत घेते, कापड विणून विकते, हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही नसतं. आपल्या आईनं तीस वर्षं नर्सची किंवा शिक्षिकेची नोकरी केलेली असते आणि जीवनपटात ती एका ओळीतही येत नाही.

सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली. लहानपणी बाप्तिस्मा झाला असेल तर बाप्तिस्म्याची नोंदवही जास्त विश्वासाची. तिथे शोधताना माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव लागतं. सासरच्या नावानं विचारलं तर नोंद सापडणार नाही. लग्नात पहिलं नावही बदललेलं असू शकतं. चर्चच्या नावाचा घोळ वेगळाच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात. त्याआधी पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं होतं, आणि नगर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. ‘१९५२ साली सीएनआय चर्चमध्ये बाप्तिस्मा’ असं वाचलं की मागच्या बाकावरचे जुने सभासद एकमेकांकडे बघतात.

मग माणसांना विचारा, पण ‘आई कशी होती?’ असं नको. त्याचं उत्तर ‘फार चांगली’ हेच येणार. भगिनी मंडळातल्या मावशींना विचारा: वेदीवरचं कापड कोण धुवायचं? प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचे पेले पुसून कोण ठेवायचं? नाताळच्या करंज्यांचं सारण कुणाच्या हातचं असायचं? शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गांत, कुठला वर्ग, किती वर्षं? वर्षांचा आकडा मंडळीच्या जुन्या वार्षिक अहवालांशी ताडून घ्या, कारण आठवणीतली दहा वर्षं बघता बघता पंचवीस होतात. आजाऱ्याच्या घरी ती डबा न्यायची की नुसती प्रार्थना करून यायची, हेही विचारा. आणि कडक असेल तर कडक लिहा. उपासनेला उशीर झाला की मुलांना पहिल्या बाकापर्यंत चालायला लावणारी आई ऐकणाऱ्यांना लगेच ओळखू येते.

एवढं जमलं की विशेषणं आपोआप गळतात. ‘प्रार्थनाशील होती’ याच्या जागी ‘पहाटे पाचला उठून वहीतली नावं एकेक करून घ्यायची, शेवटच्या पानावर एकोणतीस नावं आहेत’. वहीत जेवढी नावं असतील तेवढीच सांगायची, गोल आकडा करायचा नाही.

चारशे शब्द पुरेत. सावकाश वाचले तर चार मिनिटं होतात, आणि त्यापुढे पाळकसाहेबांच्या संदेशाचा वेळ खाल्ला जातो. कॅथलिक घर असेल तर प्रवचनाच्या जागी असं भाषण होत नाही. चार शब्द बोलायचे ते सहसा कम्युनियननंतर (म्हणजे प्रभुभोजनानंतर), तेही आधी फादरना विचारून. अक्षर सोळा पॉइंटचं, दोन ओळींत भरपूर जागा, कागदाच्या एकाच बाजूला. दुसरी प्रत चुलत भावंडांपैकी कुणाच्या तरी हातात देऊन ठेवा, कारण मुलीचा आवाज पहिल्याच परिच्छेदात अडकू शकतो.

पत्रिका छापायची असेल तर मजकूर प्रेसला पीडीएफमध्ये द्या. युनिकोडमधला मजकूर तिथल्या जुन्या फॉन्टमध्ये ओतला की जोडाक्षरं फुटतात, आणि पहिला बळी जातो तो ‘ख्रिस्तवासी’ याच शब्दाचा. जुना फोटो मोबाइलनं टिपू नका, ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. कबरीवरच्या दगडाची घाई नको. नवी माती खचते, एक पावसाळा जाऊ द्या. तोवर लाकडी क्रूस चालतो. कोरायचं वचन कारागिराला फोनवर सांगू नका, बायबलमधून उतरवून, अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट कागदावर लिहून द्या.