काढा, फांट आणि अडुळसा

खानदेशच्या थंडीला बाहेरचे लोक गंभीरपणे घेत नाहीत, कारण मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या जळगाव-भुसावळची ख्याती उन्हाळ्याचीच आहे. परंतु डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेचे वारे सुटले की धुळ्याचा पारा 10 अंशांखाली उतरतो, रावेर-यावलच्या केळीवर चरका पडतो आणि दुपारी मात्र स्वेटर काढून हातात धरावा लागतो. सर्दी विषाणूंमुळे होते हे ठाऊक असूनही दोष या हवेलाच दिला जातो आणि घरोघरी काढ्याचे पातेले चढते.

माझी तक्रार त्या पातेल्याविषयी आहे. हाताला लागेल ते एकत्र टाकून खळखळ उकळणे, एवढाच आता काढ्याचा अर्थ उरला आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात भरडलेल्या औषधाच्या सोळापट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावे, असे काढ्याचे माप दिले आहे; वर गरम पाणी ओतून गाळून घेण्याचा फांट हा प्रकार त्याहून वेगळा सांगितला आहे. ज्येष्ठमध, पिंपळी, दालचिनी यांसारखी काष्ठे आटवल्याशिवाय उतरत नाहीत हे खरे. पण तुळस आणि गवती चहा यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो, त्यामुळे ती पाने अर्धा तास उकळली तर स्वयंपाकघर सुगंधी होते आणि पेल्यात नुसते कडवट पाणी येते. म्हणून मी काष्ठे आटल्यावर गॅस बंद करते, मग पाने टाकून झाकण ठेवते. आल्याऐवजी सुंठ घेतल्यास तिचे प्रमाण कमीच ठेवावे, कारण आले वाळताना त्यातील जिंजेरॉलचा काही भाग अधिक तिखट अशा शोगाओलमध्ये बदलतो. आमच्या आजीला हे शब्द ठाऊक नव्हते, तरी तिची चिमूट कधी चुकत नसे, आम्ही पेला दूर सारला की ती अहिराणीत दटावी, "कसाले तोंड वाकडं करस?"

खरा मान मात्र मी अडुळशाला देते. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावलेले हे झुडूप. परंतु कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध त्यातील व्हॅसिसिन या घटकावरूनच तयार झाले. त्याची पाने कच्ची कुटली तर रस फारसा निघत नाही. आधी वाफवून मग पिळावी लागतात. रस निवल्यावरच त्यात मध घालायचा, कारण आयुर्वेदाला मध तापवलेला चालत नाही. गरोदर बाईला मात्र अडुळसा देऊ नये.

खोकल्यावरचे सितोपलादि चूर्ण मी घरी करत नाही. खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि दालचिनी 1 हे त्याचे प्रमाण पाठ होण्याजोगे आहे. पण खरे वंशलोचन, म्हणजे बांबूच्या पोकळीत साठणारा पांढरा पदार्थ, ओळखण्याइतकी माझी नजर तयार नाही, त्यामुळे ते दुकानातूनच आणते.

बाळांच्या बाबतीत मी आजीचेही ऐकत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोट चाटवण्याची आपल्याकडची रीत बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेच्या धोक्यामुळे मोडलीच पाहिजे, आणि काढा तर त्याला नकोच. त्याच्या उशाजवळ, हाताला लागणार नाही अशा बेताने, तव्यावर कोमट केलेल्या ओव्याची घट्ट बांधलेली पुरचुंडी ठेवावी, आणि छाती घरघरत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर पुरचुंडीवरही न विसंबता तडक डॉक्टरांकडे जावे.