वकील आपल्या भाषेतलाच हवा का?

लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेन्डेलमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातातून आलेली आर्मेनियन कुटुंबं मला नेहमी विचारतात, ‘वकील आमच्या भाषेतलाच घ्यावा ना?’ त्यांना काय सांगता, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

मी नाव कुणाचंच सुचवत नाही. पैसे घेऊन वकिलाकडे अशील वळवणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. तरी अपघात झाला की कुणीतरी ‘आपला माणूस आहे’ म्हणत कार्ड पुढे करतं. न बोलावता आलेल्याला दारातूनच परत पाठवा, आणि वकिलाचं लायसन्स स्टेट बारच्या, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या, वेबसाइटवर स्वतः तपासा, ते फुकट दिसतं.

भाषा हवीच. मानेचं दुखणं एक्स-रेत दिसेलच असं नाही, ते सांगावं लागतं. आजी रात्रभर कुशीवर वळता येत नाही म्हणून कळवळून सांगते आणि शाळकरी नातू इंग्रजीत एवढंच म्हणतो, ‘तिला थोडं दुखतंय.’ असं दुखणं कागदावर आलं की विमा कंपनी त्याची किंमतही तेवढीच लावते. मुलांवर हे ओझं टाकू नये, असं मला फार मनापासून वाटतं. येरेवान किंवा इराणहून आलेले पूर्व आर्मेनियन बोलतात, बैरुत-अलेप्पोकडचे पश्चिम, तेव्हा दुभाषा कुठल्या बोलीचा आहे हेही विचारावं.

पण आर्मेनियन अक्षरांतला फलक पाहून सही करू नये. फोनवर गोड बोलणारी व्यक्ती बहुतेकदा ऑफिसातली सहायक असते. केस कोण चालवणार, त्या वकिलाला समोर बसवून विचारा. शिवाय करार इंग्रजीत असतो. बोलणी स्पॅनिश, चिनी, टागालोग, व्हिएतनामी किंवा कोरियनमध्ये झाली, तर कराराचं भाषांतर देणं कॅलिफोर्नियाचा कायदा बंधनकारक करतो. त्या यादीत आर्मेनियन नाही. मराठीही नाही. म्हणून घरातल्या इंग्रजी येणाऱ्या मोठ्या माणसाकडून करार ओळ न ओळ वाचून घ्यावा.

त्यात पैशाचं बघा. जिंकलं तरच फी, हे खरं, पण ती साधारण एक तृतीयांश असते आणि दावा दाखल झाल्यावर अनेकदा 40 टक्क्यांपर्यंत जाते. ती कायद्याने ठरलेली नाही, घासाघीस करता येते, हे करारातच लिहिलेलं असावं लागतं. 2025 पासून इथल्या गाडीच्या विम्यात एका जखमीसाठी किमान 30,000 डॉलरचं संरक्षण लागतं. तेवढेच मिळाले तर 10,000 वकिलाचे. उरलेल्यातून केसचा खर्च आणि उधारीवर केलेल्या उपचारांची बिलं जातात. फी खर्च वजा करून काढणार की आधीच, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

कागदपत्रं अपुरी असलेली माणसं भीतीने गप्प बसतात, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. 2017 पासून अशा दाव्यांत इमिग्रेशनची स्थिती पुरावा म्हणून आणता येत नाही, दुसऱ्या पक्षाला तिची चौकशीही करता येत नाही.

कोर्टात दावा दाखल करायची मुदत सहसा अपघातापासून दोन वर्षं. पण शहराच्या बीलाइन बसने धडक दिली असेल, तर शहराकडे लेखी दावा सहा महिन्यांतच करावा लागतो.

आणि वकील फोनच उचलत नसेल तर तो कधीही बदलता येतो. पहिल्याला त्याने केलेल्या कामापुरतं वाजवी मानधन मिळतं, तेही केस जिंकली तर.