पिकान अपडेट: गुच्छ सुटला, आता पावसाशी शर्यत

मंडळी, गच्चीवर उभ्या पाइपांत लावलेल्या पिकानच्या (अक्रोडाच्या कुळातलं अमेरिकी सुक्यामेव्याचं झाड) रोपांची पालवी सपाट आली! निदान दोन पाइपांपुरती तरी.

मागच्या वेळी आखडलेल्या पानांचे फोटो टाकून कारण विचारलं होतं. शेंड्याला झुबका, दोन पेरांत अंतरच नाही, पर्णिका अरुंद आणि कडा मुरडलेल्या. बहुतेकांनी फुलकिडे सांगितले होते. भिंग घेऊन शोधलं, एकही सापडला नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट, म्हणजे हा रोझेट, पानांचा गुच्छ होण्याचा रोग. जस्ताची कमतरता, पिकानचं जुनं दुखणं.

पण आपल्याकडे का? मुंबईचं पाणी तलावांचं, क्षार कमी. माती नर्सरीतली लाल, तीही आम्लाकडे झुकणारी. मग घोडं पेंड कुठे खातंय? वरचा थर खरवडला तेव्हा कळलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी फोडलेल्या प्लास्टरचा चुरा आणि सिमेंटची धूळ थेट पाइपांत गेली होती. मत्स्यालयाच्या दुकानातली पीएच पट्टी आठच्या पुढे सरकली. इतक्या अल्कधर्मी मातीत जस्त असूनही मुळांच्या हाती लागत नाही. त्यात मातीच्या मिश्रणात बोनमील, म्हणजे फॉस्फरसवालं हाडांचं खत, आणि जादा फॉस्फरसही जस्ताला आडवा येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "अहो, गच्ची गळत नाही ना आता?" संपला विषय.

या रोगाचा उलगडा झाला तोही गमतीने. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोहाची कमतरता समजून झाडांना लोहाचे क्षार देऊन बघत होते. काही झाडं सुधारली, काही नाही. शेवटी लक्षात आलं, की द्रावण जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात कालवलं होतं आणि गुण त्या जस्ताचा होता!

उपचार: वरची माती काढून नवी भरली, आणि झिंक सल्फेटची फवारणी. कृषी दुकानात २१ टक्के आणि ३३ टक्के असे दोन प्रकार मिळतात, पाकीट वाचून घ्या. मी २१ टक्केवालं लिटरला दोन ग्रॅम धरलं, सोबत साबणाचा थेंब, संध्याकाळी. कोवळ्या पानांवरच मारायचं, कारण जस्त एका पानातून दुसऱ्या पानात फारसं सरकत नाही. आखडलेली जुनी पानं तशीच राहतात, निकाल पुढच्या पालवीत बघायचा. पाण्याच्या टाकीजवळच्या पाइपातल्या रोपाच्या कडा मात्र करपल्या. त्याला आता निम्मं प्रमाण. ऑनलाइन मागवलेलं 'चिलेटेड' (सहज विरघळून शोषलं जावं असं बनवलेलं) झिंक तळाशी खडे धरून बसलं, त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाणार नाही.

पाइपांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले सहा इंची पीव्हीसी, उभे चिरून तारेने बांधलेले, खाली जाळी. पैसे वसूल. माती बदलताना एक उघडून पाहिला. वर वीतभर रोप, खाली सोटमूळ सरळसोट जाळीपर्यंत, कुठेही वेटोळं नाही! कुंडीत त्याचं स्प्रिंग झालं असतं. बीही अजून मुळाशी चिकटलेलं होतं. पिकानच्या बीजदलांचा मुक्काम जमिनीतच असतो.

आता पुढचं. ठरवलं होतं ही रोपं गच्चीवरच वाढवायची. पण पिकानला हिवाळ्याची झोप लागते, आणि आपला जानेवारी म्हणजे नुसती डुलकी. शिवाय बियांची रोपं, फळ मायझाडासारखं येईलच असं नाही. भरवशाचं फळ कलमातच. लुइझियानात ओक ॲली मळ्यावर अँटवान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात पहिली यशस्वी कलमं बांधली, त्यातून 'सेंटेनिअल' ही जात आली. हे टाइप करतानाच सुचलं: दोन चांगली रोपं महाबळेश्वरला मामेभावाच्या जागेत लावायची, तिथे खोड पेन्सिलएवढं झालं की हिमाचलातून दोन जातींच्या काड्या मागवून कलम. एक जात परागकण आधी सोडणारी, दुसरी मादीफूल आधी उघडणारी, म्हणजे वाऱ्याने परागीभवनाचं जमेल.

त्याआधी आणखी एक फवारणी, पाऊस धरायच्या आत. सरी सुरू झाल्या की सगळं गटारात. झिंक नायट्रेटने पानं कमी करपतात असं वाचलंय. मुंबईत किरकोळीत कुणाकडे मिळतं?