मिठागरातले जांभळे पटल

पाठ्यपुस्तकांतील पेशीपटलाच्या आकृतीशी माझे फारसे पटत नाही. तीत मेदरेणूंचा दुहेरी थर ऐसपैस पसरलेला असतो आणि मोजकी प्रथिने त्यात एकमेकांपासून लांब, निवांत तरंगत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रवाही मोझेक प्रतिरूपातून ही आकृती आली. पटल गोठलेले नसते, त्यातले रेणू बाजूला सरकू शकतात, हा त्या प्रतिरूपाचा गाभा आजही टिकून आहे. अडचण आहे ती आकृतीतल्या मोकळ्या जागेची. तांबड्या रक्तपेशीच्या पटलात प्रथिने आणि मेद वजनाने साधारण सारखे असतात, तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलात प्रथिनांचाच वाटा तीन चतुर्थांशांच्या आसपास जातो. वादळाचा इशारा आल्यावर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका एकमेकींना खेटून उभ्या राहतात, तशी ही दाटी असते, आणि अशा दाटीत दोन प्रथिनांमधल्या फटीतला मेद कोणता आहे याला महत्त्व येते.

या दाटीचे सर्वांत ठळक उदाहरण मिठागरात राहते, म्हणून कोकणातल्या विद्यार्थ्यांना मी तेच सांगतो. शिरोड्याची मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहेत. अशा आगरांत समुद्राचे पाणी वाफ्यावाफ्यांतून आटत जाऊन मीठ धरण्याच्या बेतास आले, की त्यावर कधी कधी तांबूस छटा चढते. कच्च्या मिठात खारवलेली मासळी दमट हवेत गुलाबी पडते, त्यामागेही बहुधा याच जातीचे लवणप्रिय सूक्ष्मजीव असतात. त्यांच्यापैकी हॅलोबॅक्टेरियम सालिनारम हा अभ्यासकांचा विशेष आवडता. नावात बॅक्टेरियम असले तरी तो जीवाणू नसून आर्किया या निराळ्या गटातला आहे. (पाण्याचा तांबूसपणा मुख्यतः त्यांच्यातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो, पुढे ज्याविषयी लिहीत आहे त्या जांभळ्या प्रथिनाला त्याचे सगळे श्रेय देऊ नये.)

प्राणवायू कमी पडला आणि ऊन भरपूर असले, की हा सूक्ष्मजीव आपल्या पटलावर जांभळे पट्टे तयार करतो. त्यांत बॅक्टेरिओरोडॉप्सिन हे एकच प्रथिन असते आणि ते प्रकाशाच्या ऊर्जेवर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी या प्रथिनाचे वर्णन केले, आणि १९७५ मध्ये हेंडरसन आणि अनविन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले, की त्याच्या साखळीचे सात मळसूत्री दांडे पटलाच्या आरपार उभे आहेत. पटलाचा तेलकट गाभा सुमारे तीन नॅनोमीटर जाडीचा असतो आणि तो ओलांडण्यासाठी मळसूत्री दांड्याला वीसएक अमिनो आम्ले पुरतात. ही लांबी आणि जाडी जुळली नाही, तर दांडा तिरका होतो, किंवा भोवतालच्या मेदांच्या शेपट्या ताणल्या अथवा आखडल्या जातात. म्हणजे तडजोड दोन्ही बाजूंनी होते.

या जांभळ्या पट्ट्यांत वजनाने तीन चतुर्थांश प्रथिन आणि उरलेला चतुर्थांश मेद असतो, म्हणजे एका प्रथिनाच्या वाट्याला जेमतेम दहा मेदरेणू येतात. प्रथिने तिघातिघांचे गट करून षट्कोनी जाळीत बसतात, गटांच्या मधल्या फटींत मेद असतात, आणि प्रत्येक गटाच्या मध्यभागीही शर्करायुक्त मेदरेणू असतात. पुढे स्फटिकरचना अधिक बारकाईने दिसू लागल्या, तेव्हा मेदांच्या शेपट्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरील खाचांत नीट बसलेल्या आढळल्या. अपमार्जक (साबणासारखा मेद विरघळवणारा पदार्थ) वापरून यातला काही मेद काढून टाकला, की प्रथिन जागेवर राहते, पण प्रकाश शोषल्यानंतरच्या त्याच्या क्रियाचक्राची लय बदलते.

सर्वच पटलांत मेद इतके जखडलेले नसतात. बहुतेक प्रथिनांना चिकटून असलेल्या पहिल्या वेढ्यातले मेदरेणू बाहेरच्या रेणूंशी सतत जागा बदलतात, तेही सेकंदाला लक्षावधी वेळा, आणि तरीही दूरच्या मेदांच्या मानाने ते मंदच ठरतात. या वेढ्यातल्या मेदांहून वेगळे असे काही निवडक मेद असतात, ज्यांच्यासाठी प्रथिनावर ठरावीक जागा राखलेली असते. पोटॅशियमला पटलातून वाट देणाऱ्या काही प्रथिन-वाहिन्या पीआयपी-२ हा मेद आपल्या जागी येऊन बसल्याशिवाय उघडतच नाहीत. पटलांत कोलेस्टेरॉलयुक्त तराफे, म्हणजे मेदांचे एकत्र तरंगणारे पुंजके, असतात, या १९९७ मध्ये गाजलेल्या कल्पनेपेक्षा हे पुरावे मला अधिक भक्कम वाटतात, कारण तराफ्यांचा आकार आणि आयुष्य यांविषयी अजून वाद चालू आहेत.

राखीव जागेचे महत्त्व तंतुकणिकेतील कार्डिओलिपिनवरून फार स्पष्ट होते. चार शेपट्यांचा हा मेद श्वसनसाखळीतील, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्रणेतील, प्रथिनसंकुलांना धरून ठेवतो. त्याच्या शेपट्यांची अदलाबदल करून त्याला पक्के रूप देण्याचे काम टॅफाझिन नावाचे विकर करते. त्याच्या जनुकात बिघाड झाला, तर बार्थ सिंड्रोम हा विकार होतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो प्रामुख्याने मुलग्यांत आढळतो, आणि त्यात हृदयाचे व इतर स्नायू दुबळे होतात. या मुलांमध्ये श्वसनसाखळीच्या प्रथिनांची जनुके शाबूत असतात; शेपट्या बिघडलेल्या असतात त्या शेजारच्या मेदाच्या.