एका दिवसात रेकॉर्ड झालेला अल्बम

कोथरूडच्या आमच्या जॅमरूममध्ये एकेका गाण्याचे टेक आठवडाभर चालतात, त्यामुळे ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमचं मला फार अप्रूप आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या स्टुडिओत या पोरांनी तो एका दिवसात रेकॉर्ड केला, बहुतेक सगळं लाइव्ह, आणि १३ फेब्रुवारी १९७० ला इंग्लंडमध्ये रिलीज. त्यात गिटारिस्ट टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात मशीनखाली गेलेली, तरी पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा चढवल्या आणि वाजवतच राहिला! अल्बमच्या सुरुवातीचा पाऊस, चर्चची घंटा आणि मग धाडकन तो रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, हेडफोन लावून ऐका राव, काटा येतो अंगावर. समीक्षकांनी झोडपलं, पण तिकडच्या चार्टवर ८ व्या नंबरला गेलाच ना!