पोयनाडच्या अलीकडे

आईच्या दोन बांगड्या, एक सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) आणि एक न फेडलेला नवस, असं तिन्ही एकदमच माझ्याकडे आलं. 1994 साली पपांचं बायपास झालं तेव्हा ती बोलली होती : हे आपल्या पायांनी घरी आले तर मी टाप्यावर पायी जाईन. टापा म्हणजे अलिबागजवळच्या खंडाळ्याचं एलियाहू हनाबीचं, एलिया संदेष्ट्याचं स्थान, आम्हा बेने इस्रायलांचं, कोकणातल्या ज्यूंचं. पपा आले, पुढे अकरा वर्षं हिंडले-फिरले. आई दर वर्षी ऊरसाला बसनं गेली आणि दर वर्षी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "बसनं गेलेलं धरत नाहीत गं."

कोण धरत नाही, हे मी कधी विचारलं नाही.

2023 साली तू बिश्वात, म्हणजे झाडांचा सण आणि टाप्याच्या ऊरसाचा दिवस, सोमवारी आला होता, 6 फेब्रुवारीला. बुधवारी पनवेलहून निघायचं, शुक्रवारी दिवे लावायच्या आत पोयनाड गाठायचं, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, तिथे पाळायचा, रविवारी कार्लेखिंड उतरून खंडाळ्याला पोचायचं आणि सोमवारी टाप्यावर मलिदा. कागदावर छान दिसत होतं. आमच्या सोसायटीतल्या माळकरी वहिनी दर आषाढीला आळंदीहून चालतात. त्यांनी माझे नवे बूट पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "हे आत्ताच आणलेत का?" पुढे काही बोलल्या नाहीत. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

बरोबर भाची होती, बावीस वर्षांची, कानात कायम काहीतरी घातलेलं. आणि इस्रायलमधल्या लोदहून आलेला माझा मावसभाऊ. तो इथनं गेला तेव्हा सात वर्षांचा होता आणि बिरड्याच्या रोज्याला वालाचं बिरडं दोनदा मागून घ्यायचा. आता त्याला बिरड्याचा रोजा म्हटलं तर कळत नाही, तिशा बेआव म्हणावं लागतं. दाढी, काळी टोपी, कमरेला बाहेर लोंबणारे सिसीथचे धागे, आणि पाठीवरच्या पिशवीत चार दिवसांचं, धर्माला चालतं असा शिक्का पाहून घेतलेलं खाणं. मराठी मात्र अजून आईसारखं, जरा जुनं. "ताई, जरा हळू गं."

पनवेल, कर्नाळा, खारपाडा. गोव्याच्या रस्त्याला वर्षानुवर्षं चाललेलं काम, धूळ आणि ट्रक. पेणला गणपतींचे कारखाने ओळीनं. यातलं काहीच मला नीट आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की खारपाड्याच्या पुलाआधी मावसभाऊ एका टपरीमागे मिन्हा, दुपारची प्रार्थना, म्हणायला उभा राहिला, तोंड पश्चिमेला, खाडीकडे. टपरीवाल्यानं रेडिओ बारीक केला. मीही मनातल्या मनात शेमा म्हटलं आणि तेवढ्यात चिडले, कारण हा तिच्यातल्या अठरा बेराखा, आशीर्वचनं, अशा सावकाश म्हणत होता की माझे पाय आखडून गेले.

रात्री वाद झाला. मी विचारलं, "टाप्यावर दहा पुरुष सहज मिळतील. आईचं कदीश म्हणायचंय. मी म्हटलं तर?" कदीश म्हणजे गेलेल्यांसाठी मुलानं दहा पुरुषांत म्हणायची प्रार्थना, आणि मला भाऊ नाही. आईच्या सात दिवसांत मला सांगितलं गेलं होतं की मुलीनं आमेन म्हणावं, तेच पुष्कळ आहे. सांगणारे भले गृहस्थ होते, आवाजही मऊ होता, म्हणून जास्त लागलं. माझी आत्या रोदेफ शालोम सिनेगॉगची. 1925 साली डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन काढलं, तेव्हापासून तिच्या घरचे तिकडचे. तिथे बाई-पुरुष शेजारी बसतात आणि दहा मोजताना बाईही मोजतात. आत्याचं मत एका वाक्यात : "आई तुझी, कदीश कोणाचं?" मावसभावाचं मतही एका वाक्यात : "मी म्हणतो ना मावशीसाठी, ताई."

त्याच्या वडिलांची गोष्ट मी मुद्दाम काढली. 1964 च्या उन्हाळ्यात ते यरुशलेमला धरण्यावर बसले होते. तिथल्या मुख्य रब्बींच्या, धर्मगुरूंच्या, कचेरीनं फर्मान काढलं होतं की बेने इस्रायलाचं लग्न लावण्याआधी त्याची आई, आजी, पणजी कोण होती ते तपासा. सरकारला मधे पडावं लागलं, मगच त्या कागदावरून आपलं नाव निघालं. "आणि आता तू मोजणाऱ्यांत," मी म्हटलं. तो गप्प राहिला. मग शांतपणे म्हणाला, "आणि आपल्या आजीच्या घरी आपल्यातल्याच, मिश्र म्हणवल्या जाणाऱ्या काळ्या इस्रायलांसाठी कप वेगळा होता. तो तू विसरलीस."

विसरले नव्हते. कानतुटका, निळ्या काठाचा कप. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी आपल्याला मिन्यानमध्ये, प्रार्थनेला लागणाऱ्या दहांत, धरलं नाही, कबरस्तानात आपल्यामध्ये आणि त्यांच्यात भिंत मागितली, हे आम्ही घरोघर सांगतो. कपाचं कोणी सांगत नाही. मला झोप लागली नाही आणि त्याला लगेच लागली, याचाही राग आला.

शुक्रवारी वडखळ सोडलं तेव्हाच डाव्या टाचेत काहीतरी फुटल्याचं कळलं होतं. डोलवीच्या पोलादाच्या कारखान्यापाशी मी बूट काढून हातात घेतला. धरमतरचा पूल तसाच पार केला, एक पाय बुटात, एक मोज्यात. खाली अंबा नदीला ओहोटी लागलेली, चिखलात बगळे. मावसभाऊ दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होता. "सव्वासहाला दिवे, ताई." पावणेपाच झाले होते, पोयनाड अजून तीन-चार किलोमीटर. एरवी मी तेवढं तासात जाते. त्या दिवशी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला मला दोनदा थांबावं लागलं. मोजा टाचेला चिकटला होता. भाचीनं कानातलं काढलं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

रस्त्याला लागूनच एक घर होतं. अंगणात भाताची पोती, जाळं वाळत घातलेलं, ओट्यावर सत्तरीची एक बाई तांदूळ निवडत बसलेली, गळ्यात तुळशीची माळ. तिनं मला रस्त्यावरूनच हाक मारली.

"काय झायलं गं बाय पायाला? इकरं ये. बस."

मी बसले. तिनं विचारलं नाही, कुठून आलात, कुठे चाललात. आत जाऊन पितळेच्या घमेल्यात कोमट पाणी आणलं, माझा पाय उचलून त्यात ठेवला, आणि मोजा भिजेपर्यंत तसाच धरून राहिली. ओढला नाही. माझ्या पायाला शेवटचा असा हात आईचा लागला असेल, आणि आता हा अनोळखी, खरखरीत, तांदळाचा कोंडा लागलेला. मी "राहू द्या, काकी" म्हणत होते आणि पाय काढून घेत नव्हते. मोजा आपोआप सुटला. टाच पाहून भाची तोंड फिरवून उभी राहिली. काकीनं हळद आणि खोबरेल कालवून लावलं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, दोनदा गुंडाळून गाठ मारली. गाठ घोट्याच्या बाजूला, चालताना टोचणार नाही अशी.

मग तिनं मावसभावाकडे पाहिलं. टोपी, दाढी, सिसीथ.

"शनवार तेली ना तुमी? टाप्याला चालल्यांव?"

तो पाहतच राहिला. तिच्या माहेरी शेजारी इस्रायलांचं घर होतं. तेलाचा घाणा तिच्या आजीच्या काळातला, तिनं तो पाहिलेला नाही, पण शनिवारी त्या घरची चूल पेटायची नाही हे तिनं पाहिलं होतं. ते लोक गेले तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. "कुठं गेले, काय ठावं. बोटीनं गेले."

चहा आला. मी घेतला, भाचीनं घेतला. त्याच्यापुढे तिनं कप ठेवलाच नाही. आत ओरडून नातवाला सांगितलं, आणि त्यानं शहाळं आणून कोयत्यानं तासलं. "यात तं कंची चरबी नाय," काकी म्हणाली. तो पहिल्यांदा हसला, बेराखा म्हटली आणि सगळं पाणी एका दमात प्यायला. मग तिनं तांदळाच्या भाकऱ्या डब्यात घातल्या, वर कैरीचं लोणचं. "सुकट नाय घातली. तुमी खवल्यांचं मासं खाता, बाकी नाय. म्हाईत हाय मना." रब्बींच्या एका समितीला मला हे पटवून द्यायला तीन पत्रं लागली असती.

साडेपाच वाजले. नातवाची मिनिडोर दारात उभी होती, पोयनाड दहा मिनिटं. मावसभाऊ उठून बसायलाही लागला. मी बसेना. चाळीसच्या वर किलोमीटर या टाचेनं काढले होते, आता गाडीत बसले तर आईसारखंच, धरत नाहीत. आणि न बसावं तर सूर्य मावळल्यावर रस्त्यावर. तो म्हणाला शब्बाथ आधी, नवस काय, नवसाला सोडवणूक असते, तीन माणसांपुढे सांगता येतं. मी म्हटलं तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला तीन नाहीतर दहा माणसं लागतात. भाची म्हणाली, "मावशी, प्लीज."

काकीनं दोघांचं ऐकून घेतलं. पुंडलिकाच्या गावाला ती बारा वर्षं गेली होती, यंदा गुडघ्यांमुळे माघी चुकली. म्हणाली, "आज बस गारीत. रयवारी परत इथंच ये, न् इथना चाल. देव काय पलून नाय जात."

अंगणाच्या कडेला एक काळा दगड होता. नातवानं त्यावर माझ्यासाठी चुन्यानं फुली मारली. पोरगं हसत होतं, पण फुली नीट, ठळक काढली.

पोयनाडला ओळखीच्यांकडे उतरलो, दिवे वेळेत लागले. काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, नारळाच्या दुधातली आमटी, भात. मावसभावानं घरच्या बाईंना चार प्रश्न विचारले आणि जेवला. पुरुष मोजले तर तीन. तेव्हा मिन्यान नाही, सेफेर तोरा, तोराची गुंडाळी, नाही, कदीश नाही. लेखा दोदी, शब्बाथच्या स्वागताचं गीत, त्यानं तिकडच्या चालीत धरली, मी आमच्या, आणि दोघंही थांबलो. पण रात्री मोरीत हात धुताना तो एकटाच गुणगुणत होता, ती आमची चाल होती, मुंबईची, आपल्या मशिदीतली, म्हणजे सिनेगॉगमधली. मी स्वैपाकघरात ताटं ठेवत होते. आवाज केला नाही.

शनिवार पाय वर करून गेला. इतका लांब दिवस मला फार वर्षांत मिळाला नव्हता.

रविवारी सकाळी मिनिडोरनं उलटं धरमतरकडे. फुली होती. काकी घरात नव्हती, शेतावर गेली होती. मी दगडाला हात लावला आणि चालायला लागले. मावसभाऊही माझ्याबरोबर परत आला होता. त्याला यायची काहीच गरज नव्हती, नवस त्याचा नव्हता. पेझारी, तीनविरा, कार्लेखिंड, खंडाळा, सगळं अंतर आम्ही दोघांनी मिळून दहा वाक्यं बोललो असू. खिंडीत चढ संपल्यावर तो म्हणाला, "मावशी कीर्तनात योसेफाचं आख्यान लावायची, आठवतं?" मी म्हटलं, हो. पट्टी टाचेखाली सरकली होती, पण सोडून बांधली असती तर तिची गाठ मला जमली नसती.

सोमवारी टाप्यावर बसेस. मुंबई, ठाणे, पुणे. रथाच्या चाकाची खूण, घोड्याच्या टापा, त्यांना हात लावून तो हात ओठांना. गर्दीत कोणीतरी माझ्या त्याच टाचेवर पाय दिला. ध्वनिवर्धक खरखरत होता. आत्या बसमधनं उतरली ती भांडत, आधी खजुराची बेराखा की केळ्याची यावरून, आणि ज्यांच्याशी भांडत होती त्यांच्याच ताटात खोबरं घालत होती. एलियाहू हनाबीचं गाणं सुरू झालं तेव्हा तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मलिद्याचे पोहे भिजून गोड झाले होते, वेलची जास्त पडलेली.

कदीश मावसभावानं धरलं. मी त्याच्या मागे उभी राहून म्हटलं, मोठ्यानं नाही, पण ओठांतल्या ओठांतही नाही. आत्यानं माझ्या शेजारी राहून खणखणीत म्हटलं. तीन उच्चार, तीन वेग. त्याचं संपलं तेव्हा माझी ओळ बाकी होती. तो वळला नाही. पुढच्या प्रार्थनेला लागायच्या आधी थोडा थांबला, एवढं खरं. आमेन सगळ्यांनी म्हटलं. त्यातलं कुणासाठी कोणतं, ते त्या गर्दीत वेगळं काढता आलं नसतं.

परतीच्या बसमध्ये काकीचा डबा माझ्या मांडीवर. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून मलिदा भरला होता, वर पाच खजूर. मी ड्रायव्हरला धरमतरच्या अलीकडे दोन मिनिटं थांबायला सांगितलं. बसमधले लोक कुरकुरले, उशीर होतो म्हणून. मावसभाऊ उठला, "मी आणतो देऊन, तू बस, पाय बघ." मी नाही म्हटलं. मग दोघंही उतरलो.

काकी ओट्यावर होती. डबा उघडून तिनं वास घेतला, झाकण लावलं, कपाळाला लावलं.

"आनि तो कप," ती म्हणाली, "पोरीनं चा प्यायलेला, तिनं जातानी धुऊन ठेवला. सांग तिला, गरज नव्हती."

बसचा हॉर्न वाजत होता.